मागणी नसलेला मोर्चा

श्रोतेहो, आज मी आपल्याशी एका मोर्चाबद्दल बोलणार आहे. हा मोर्चा कुठल्याही गावात कधीच निघाला नाही. तो फक्त एका जाहिरातीत निघाला आणि एका दिवसात गुंडाळला गेला. पण त्या एका दिवसात जे घडलं, त्यावर आपणही थोडा विचार करावा, असं मला वाटतं.

आधी जाहिरात सांगतो. रस्त्यावरून तरुण मुलामुलींचा जमाव चालला आहे. हसरे चेहरे, स्वच्छ कपडे, संगीत, नाच. हातांत फलक आहेत. कुणावर शांततेचं चिन्ह, कुणावर प्रेमाचा शब्द, तर एकावर ‘चर्चेत सामील व्हा’ अशा अर्थाचं वाक्य. रस्त्याच्या कडेला एका प्रसिद्ध मॉडेलचे फोटो काढण्याचं काम चालू आहे. ती मोर्चाकडे पाहते, डोक्यावरचा सोनेरी केसांचा टोप काढून टाकते, ओठांचा रंग पुसते आणि गर्दीत शिरते. पुढे पोलिसांची रांग उभी आहे. ती शीतपेयाचा एक डबा उचलते, सरळ पोलिसांपुढे जाते आणि एकाच्या हातात ठेवते. पोलीस घोट घेतो. गर्दी आनंदानं ओरडते. सगळं मिटलं!

ही जाहिरात पेप्सी कंपनीची होती आणि त्यातली मॉडेल होती केंडल जेनर. ४ एप्रिल २०१७ रोजी ती लोकांसमोर आली आणि ५ एप्रिलला कंपनीनं ती मागे घेतली. एकता, शांतता आणि सामंजस्याचा संदेश द्यायचा आमचा हेतू होता, पण आमचं चुकलं, अशी कबुली कंपनीनं दिली. गंमत म्हणजे कंपनीनं त्या मॉडेलचीही माफी मागितली, तिला अडचणीत टाकल्याबद्दल.

नुसतं वर्णन ऐकून कुणी म्हणेल, यात एवढं रागावण्यासारखं काय होतं? कुणाला शिवी नाही, कुणाच्या देवाधर्माची टिंगल नाही. पोलिसाला थंड पेय पाजलं, एवढंच ना? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मिळवायचं, तर जाहिरातीबाहेरच्या रस्त्यावर तेव्हा काय चाललं होतं, ते आठवावं लागेल.

अमेरिकेत त्या आधीची तीन-चार वर्षं निदर्शनांची होती. पोलिसांच्या हातून कृष्णवर्णीय माणसं मारली जात होती आणि त्याविरुद्ध ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’, म्हणजे आमच्याही जिवाला मोल आहे, अशी घोषणा देत लोक रस्त्यावर येत होते. जुलै २०१६ मध्ये लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात अशाच एका मृत्यूनंतर निदर्शनं झाली. तिथला एक फोटो जगभर गेला. रॉयटर्सच्या छायाचित्रकारानं तो टिपला होता. लांब, हलका झगा घातलेली एक तरुणी रस्त्यात एकटी, शांत उभी आहे आणि शिरस्त्राण, चिलखत घातलेले दोन पोलीस तिच्या अंगावर धावून येत आहेत. तिला अटक झाली. ती रात्र तिनं कोठडीत काढली.

पेप्सीच्या जाहिरातीतली ती मुलगी पोलिसासमोर उभी राहिली, तेव्हा असंख्य लोकांना हाच फोटो आठवला. एकीनं हात पुढे केला आणि त्यात बेडी पडली. दुसरीनं हात पुढे केला, तर त्यात विकायचा माल होता. कुणी समजावून सांगायची गरजच उरली नाही. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की पुरे.

आणखी एक योग असा, की ४ एप्रिल ही मार्टिन ल्यूथर किंग यांची पुण्यतिथी. १९६८ साली याच तारखेला मेंफिस शहरात त्यांची हत्या झाली. त्यांची कन्या बर्निस किंग यांनी वडिलांचा एक जुना फोटो प्रसिद्ध केला. त्यात पोलीस किंग यांना रेटत आहेत. सोबत एकच तिरकस वाक्य होतं. बाबांना पेप्सीची ही ताकद ठाऊक असती तर किती बरं झालं असतं, असा त्याचा आशय. मला वाटतं, त्या जाहिरातीला खरा घाव याच वाक्याचा बसला. संतापापेक्षा हसणं कधी कधी जास्त लागतं.

किंग मेंफिसला कशासाठी गेले होते, हेही इथे सांगायला हवं. ते सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्या शहरात कचऱ्याच्या गाडीतल्या दाबयंत्रात सापडून दोन कामगार मेले. त्यानंतर सुमारे १,३०० कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या गळ्यातल्या आणि हातांतल्या फलकांवर एकच ओळ होती, ‘मी माणूस आहे’. त्या भागात गोरा माणूस कृष्णवर्णीय म्हाताऱ्यालाही ‘ए पोरा’ म्हणून हाक मारायचा. म्हणून हे वाक्य. त्या वाक्यात पगारवाढ होती, संघटनेला मान्यता होती, सुरक्षित गाडी होती आणि ‘ए पोरा’ला दिलेलं उत्तरही होतं. किंग गेले, पण संप टिकला. एप्रिलच्या मध्याला नगरपालिकेनं संघटना मान्य केली आणि पगारवाढही दिली.

हा फलक आणि जाहिरातीतले फलक यांच्यात काय फरक आहे? माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. कुठल्याही मोर्चाला तीन गोष्टी लागतात. पहिली मागणी. दुसरी, ज्याच्याकडे मागायचं तो, म्हणजे सरकार, मालक, नगरपालिका, कुणी तरी समोरचा. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मोल. मोर्चात चालणाऱ्याला काही तरी मोजावं लागतं. एक दिवसाचा रोज बुडतो, लाठी बसते, खटला होतो, नोकरी जाते, कधी जीवही जातो. पेप्सीच्या मोर्चात यातलं एकही नव्हतं. ही सगळी माणसं का चालली आहेत, कळत नाही. कुणाविरुद्ध चालली आहेत, कळत नाही. आणि शेवटी कुणाला काहीही मोजावं लागलं नाही. मोजायचे होते ते फक्त प्रेक्षकांनी, दुकानात जाऊन.

आता कुणी म्हणेल, जाहिरात ही जाहिरात असते; तिच्यात निवेदनाची प्रत जोडायची का? तसं नव्हे. पण मागणी, समोरचा आणि मोल काढून टाकलं, की मोर्चाचं काय उरतं? उरतो तो तजेला, ती एकजूट, ते भारावलेपण. जाहिरातवाल्यांना तेवढंच हवं असतं. उसाचा रस काढून घ्यायचा आणि चिपाडं रस्त्यावर टाकायची, तसा हा प्रकार.

माझं सगळं आयुष्य शब्दांच्या संगतीत गेलं, म्हणून यातला एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जाहिरात संस्थेतला तरुण मला भेटायला आला. मोठा नम्र मुलगा. मुंबईच्या गिरणगावात एक उंच इमारत उभी राहायची होती आणि तिच्या जाहिरातीसाठी त्याला माझ्या एका जुन्या कवितेतल्या दोन ओळी हव्या होत्या. कविता होती १९८२च्या गिरणी संपावरची. माझे अब्बा साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख माणसं गिरणीबाहेर पडली. अब्बा त्यांतले एक. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करून हवं होतं, मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द व्हायला हवा होता. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो तसाच विरून गेला, आणि बहुतेकांच्या नोकऱ्याही.

तर तो मुलगा म्हणाला, ‘‘सर, ओळींत फार ताकद आहे. फक्त एक शब्द बदलता येईल का? ‘संप’च्या जागी ‘स्वप्न’ केलं तर? मात्राही जमतात.’’

मी बोटांवर मोजून पाहिलं. खरंच जमत होत्या. तीनाला तीन. त्याचा कान चांगला होता. मी त्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. तोही न रागावता गेला. इमारत काही माझ्या ओळींसाठी अडून राहिली नाही. पण एक गोष्ट मला त्या दिवशी स्वच्छ कळली. त्याला कवितेतला आवेश हवा होता, ज्यासाठी तो आवेश होता ते नको होतं. ‘संप’ या शब्दात मागणी आहे, मालक आहे, आमच्या घरात महिनोन्‌महिने न शिजलेलं कालवण आहे. ‘स्वप्न’ या शब्दात यातलं काही नाही. म्हणून तर तो शब्द कुठल्याही इमारतीवर लावता येतो.

ही युक्ती नवी नाही. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अमेरिकेत स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला १९२० साली. त्यासाठी बायकांनी मोर्चे काढले होते, तुरुंगात गेल्या होत्या, उपोषणं केली होती. १९२९ साली अमेरिकन टोबॅको कंपनीला ‘लकी स्ट्राइक’ सिगारेट बायकांना विकायची होती. पण बायकांनी रस्त्यात सिगारेट ओढणं तेव्हा असभ्य मानलं जाई. कंपनीनं एडवर्ड बर्नेज या गृहस्थाला गाठलं. हा मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडचा भाचा. त्यानं एका मनोविश्लेषकाचा सल्ला घेतला आणि त्या सल्ल्यातून एक शब्दप्रयोग हाती आला, ‘स्वातंत्र्याच्या मशाली’. मग ३१ मार्च १९२९ला, ईस्टरच्या दिवशी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी ठरवून सिगारेटी पेटवल्या. फोटो निघाले, बातम्या झाल्या. आणि त्या मशालींच्या मागे तंबाखूच्या कंपनीचा पैसा आहे, हे लोकांना कळू दिलेलं नव्हतं.

तेव्हा जो राग उठला, तो बायकांच्या सिगारेट ओढण्यावर. कंपनीवर कुणी रागावलं नाही, कारण कंपनी पडद्यामागे होती. २०१७ सालच्या जाहिरातीत कंपनीचा डबा मोर्चाच्या अगदी मधोमध होता. आणि दुसरा मोठा फरक म्हणजे १९२९च्या वाचकाला उत्तर द्यायला जागा नव्हती. फार तर संपादकांना पत्र. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. जाहिरात पाहणारा माणूस पाच मिनिटांत तिची नक्कल करतो, तिच्याशेजारी खरा फोटो ठेवतो, दोन ओळी लिहितो. जाहिरातदार शतकभर एकटाच बोलत होता. आता समोरचा बोलू लागला आहे.

हे बोलणं किती नेमकं असू शकतं, याचं एक उदाहरण देतो. ४ फेब्रुवारी २०१८ रोजी अमेरिकेतल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी राम ट्रक या गाडीची जाहिरात दाखवली गेली. तिच्यात मार्टिन ल्यूथर किंग यांचा आवाज होता. बरोबर ५० वर्षांपूर्वी, ४ फेब्रुवारी १९६८ला, त्यांनी अटलांटातल्या आपल्या चर्चमध्ये दिलेलं प्रवचन. सेवा कुणीही करू शकतो, त्यासाठी पदवी लागत नाही, असा त्यातला भाग निवडला होता आणि पडद्यावर ट्रक धावत होता. आवाज वापरण्याची परवानगी किंग यांच्या वारसा-हक्कांचं काम पाहणाऱ्या संस्थेनं दिली होती. म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक. पण लोकांनी ते मूळ प्रवचन पुन्हा काढून ऐकलं. त्याच प्रवचनात किंग यांनी जाहिरातदारांपासून सावध राहायला सांगितलं आहे! अमुक गाडी घेतली की शेजारी तुमचा हेवा करतील, असं ते तुमच्या मनात भरवतात आणि माणसं ऐपतीबाहेर खर्च करून बसतात, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी जाहिरातीची तीच दृश्यं घेतली आणि त्यांवर प्रवचनाचा हा भाग बसवला. कोर्टकचेरी नाही, आरडाओरडा नाही. जाहिरातदारानं गाळलेली वाक्यं परत जागेवर ठेवली, इतकंच.

आपल्याकडेही असं घडलं आहे. २००९ साली, गांधीजींच्या १४०व्या जयंतीच्या सुमारास, माँ ब्लाँ या परदेशी कंपनीनं त्यांच्या नावानं एक पेन बाजारात आणलं. सोन्याच्या निबवर काठी घेतलेले गांधीजी, वर सुताची आठवण म्हणून गुंडाळलेली सोन्याची तार. भारतातली किंमत ११ लाख रुपयांहून जास्त. त्या मालिकेतली पेनं काढली फक्त २४१, कारण दांडीयात्रेचं अंतर तेवढे मैल! मिळालेल्या पैशातून बालमजुरीतून सोडवलेल्या मुलांसाठी देणगीही दिली होती, हे न्यायाला धरून सांगायला हवं. पण लोकांच्या ते पचनी पडलं नाही. राष्ट्रपुरुषांच्या नावांचा व्यापारासाठी वापर रोखणारा १९५०चा कायदा पुढे करून केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली गेली आणि २०१०मध्ये कंपनीनं त्या पेनांची भारतातली विक्री थांबवली.

गांधीजी पेन्सिलीच्या एका लहानशा तुकड्यासाठी कसे कासावीस होऊन शोधत होते, ती काका कालेलकरांनी सांगितलेली आठवण आपण शाळेत असताना ऐकलेली असते. एका लहान मुलानं प्रेमानं दिलेला तो तुकडा होता. त्या माणसाच्या नावावर ११ लाखांचं पेन! पण मला त्या किमतीपेक्षा त्या २४१ आकड्याचं जास्त नवल वाटतं. दांडीयात्रेचा प्रत्येक मैल पायांनी तुडवलेला होता. मागणी अगदी साधी होती, मिठावरचा कर काढा. इथे मैल मोजले गेले, पण कशासाठी? पेन दुर्मीळ ठरावं म्हणून.

हे सगळं ऐकून माल आणि चळवळ यांचं नातंच वाईट, असा आपला समज होऊ नये. आपल्या देशात तरी तसं म्हणता येणार नाही. स्वदेशीची चळवळच मुळी मालाभोवती उभी राहिली. ३१ जुलै १९२१ला मुंबईत परळला परदेशी कापडाची होळी झाली. लोकांनी खादी विकत घेतली, ती जाडीभरडी होती, महाग पडत होती, तरी घेतली. आणि १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापड भरलेल्या ट्रकपुढे बाबू गेनू आडवा झाला. महाळुंगे पडवळ गावचा हा २२ वर्षांचा गिरणी कामगार. ट्रक त्याच्या अंगावरून गेला. वाद कापडाचाच होता, पण त्याचं मोल कुणी दिलं ते पाहा.

विकणाऱ्यानंही कधी कधी मोल दिलेलं आहे, आणि त्याचं उदाहरण चक्क पेप्सी कंपनीचंच आहे. १९४७ साली या कंपनीनं एडवर्ड बॉइड या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याची नेमणूक केली आणि त्याच्या हाताखाली कृष्णवर्णीय विक्रेत्यांचा एक चमू उभा केला. अमेरिकेत तेव्हा गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे, हॉटेलं वेगळी. ही माणसं सुटाबुटात, पण वेगळ्या डब्यातून, गावोगाव फिरली. त्या काळच्या जाहिरातींत कृष्णवर्णीय माणूस दिसलाच तर हसण्याचा विषय किंवा नोकर म्हणून दिसे. बॉइडनं जाहिरातींत साधं, सुखवस्तू कृष्णवर्णीय कुटुंब दाखवलं. त्यातल्या एका जाहिरातीत पेप्सीच्या बाटल्यांकडे हात नेणारा एक छोटा मुलगा आहे. तो रॉन ब्राउन. पुढे क्लिंटन यांच्या मंत्रिमंडळात तो अमेरिकेचा वाणिज्यमंत्री झाला. कंपनीचा हेतू अर्थातच माल खपवण्याचा होता. तो लपवलेला नव्हता. पण त्या माणसांनी अपमान सोसले आणि थोडी वाट मोकळी केली. त्या जाहिरातीत मोर्चा नव्हता, फलक नव्हते. तरी ती २०१७च्या जाहिरातीपेक्षा मोर्चाच्या जास्त जवळ होती.

एक प्रकरण मात्र मला अजून सोडवता आलेलं नाही. कॉलिन केपर्निक हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. २०१६मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी तो गुडघ्यावर बसू लागला, पोलिसांच्या अत्याचारांचा निषेध म्हणून. पुढच्या मोसमापासून त्याला एकाही संघानं घेतलं नाही. २०१८मध्ये नायके कंपनीनं त्याला आपल्या जाहिरातीचा चेहरा केलं. काही लोकांनी रागानं त्या कंपनीचे बूट जाळले. इथे मोल देणारा माणूस खरा होता आणि तो स्वतः जाहिरातीत होता, त्याची मागणीही सगळ्यांना ठाऊक होती. पण नफा बुटांच्या कंपनीचा झाला. याला शोषण म्हणायचं की साथ? मी दोन्ही बाजूंनी विचार केला आहे. इतकंच म्हणेन, की ज्यानं किंमत मोजली त्याचा आवाज त्यात होता. पेप्सीच्या मोर्चात तो कुणाचाच नव्हता.

आता या विषयाची दुसरी बाजू. लोक रागावले आणि कंपनीनं जाहिरात मागे घेतली, म्हणजे लोकांचा विजय झाला, असं दरवेळी म्हणता येतं का? ऑक्टोबर २०२०मध्ये तनिष्क या दागिन्यांच्या दुकानाची एक जाहिरात आली होती. मुस्लिम सासू आपल्या हिंदू सुनेचं डोहाळजेवण तिच्या माहेरच्या रीतीनं करते, एवढीच गोष्ट. त्यावर गदारोळ झाला, बहिष्काराची भाषा झाली आणि कंपनीनं जाहिरात काढून घेतली. दुखावलेल्या भावनांबरोबर आपल्या कर्मचाऱ्यांच्या आणि दुकानांतल्या माणसांच्या सुरक्षिततेचं कारणही तिनं दिलं. त्या कारणात भीती होती, हे उघड आहे.

हत्यार दोन्हीकडे एकच. मग एका वेळी टाळ्या वाजवणारे आपण दुसऱ्या वेळी का हळहळतो? आपल्या बाजूचा राग चांगला आणि दुसऱ्याचा वाईट, असं म्हणून चालणार नाही. फरक सांगता आला पाहिजे. मला तो असा दिसतो. पेप्सीवर रागावलेल्यांचं म्हणणं होतं, आमचं दुःख दाखवायचं असेल तर पुरतं दाखवा. तनिष्कवर रागावलेल्यांचं म्हणणं होतं, ही माणसं एका घरात दाखवूच नका. पहिला राग गाळलेलं परत मागतो. दुसऱ्याला असलेलं पुसून टाकायचं असतं.

मी स्वतःला यातून वेगळं काढू शकत नाही, कारण जाहिरातीच्या चौकटीत माझ्या समाजाची माणसं तशी कमीच दिसतात. पेप्सीच्या त्या जाहिरातीतही हिजाब घातलेली एक मुलगी आहे. ती छायाचित्रकार आहे. आपल्या फोटोंवर ती वैतागते, मोर्चाचा आवाज ऐकून कॅमेरा घेऊन बाहेर धावते आणि शीतपेयाचा तो क्षण टिपते. हातात कॅमेरा असलेली अशी मुलगी पडद्यावर पाहून कुणालाही बरं वाटेल. मलाही वाटलं. पण आठवून पाहा, त्याच वर्षी २७ जानेवारीला सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेत येण्यास बंदी करणारा हुकूम निघाला होता. विमानतळांवर माणसं अडकून पडली होती, त्यांच्यासाठी लोक बाहेर फलक घेऊन रात्र रात्र उभे होते. त्या मुलीचा कॅमेरा तिथे गेला असता तर तिला टिपायला पुष्कळ मिळालं असतं. जाहिरातीनं तिला बोलावलं आणि तिच्या हाती टिपायला दिला एक डबा. आपल्याला चित्रात घेतलं याचा आनंद मानायचा, की आपल्याजवळचं बोलणं बाहेर ठेवायला लावलं याचं दुःख? हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही. शेतकरी, दलित, आदिवासी, कामकरी बाई, ज्यांचे चेहरे सणासुदीला जाहिरातीत झळकतात, त्या सगळ्यांचा आहे.

आणि म्हणूनच लोकांच्या या प्रतिक्रियेकडे मी नुसती करमणूक म्हणून पाहत नाही. मोर्चा हे दुबळ्या माणसाचं शेवटचं साधन असतं. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, हेलपाटे झाले, कुणी ऐकलं नाही, की माणूस रस्त्यावर येतो. त्याच्याजवळ तेव्हा दोनच गोष्टी असतात, आपले पाय आणि चार शब्द. ते शब्द साबणावर, गाडीवर, घराच्या जाहिरातीवर इतके वापरले गेले की गुळगुळीत झाले, तर उद्या तो खरोखर रस्त्यावर येईल तेव्हा पाहणाऱ्याला वाटेल, कसली तरी जाहिरात चालली आहे! क्रांती, आझादी, हक्क, आवाज हे शब्द आजच उच्चारताना जीभ जरा अडखळते. नुकसान होतं ते इथे. कंपनी जाहिरात मागे घेऊ शकते. झिजलेला शब्द मागे घेता येत नाही.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी पडद्यावर असा मोर्चा दिसला, की एवढंच करा. थोडं थांबून फलक वाचा. काय मागितलं आहे? कुणाकडे मागितलं आहे? आणि चालणाऱ्याचं काय जाणार आहे? यांतल्या एकाचं जरी उत्तर मिळालं, तरी त्या जाहिरातीला ऐकून घ्यायला हरकत नाही. एकाचंही मिळालं नाही, तर ती वरात समजावी. वरातीतही माणसं नाचतात, बाजा वाजतो, आपल्यालाही ठेका धरावासा वाटतो. पण तिचं बिल कुणाच्या नावावर फाडलं जातंय, ते विचारायला लाजू नये.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)